तळणाच्या तेलावरची लाँच

नूरोआ जहाजावरून कायमचे घरी आले तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता. सव्वीस वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार! उत्तरेकडच्या बेटांना पीठ, साखर, सिमेंट आणि डिझेलची पिंपं पोचवायची आणि येताना खोबरं भरून आणायचं, असं त्यांचं जहाज होतं. घरी आल्यावर ते पहिले काही महिने नुसते बसून असायचे. बसून म्हणजे काय, शेजारपाजारचे पंप, गवत कापायची यंत्रं, शिवणयंत्रं, जे हाताला लागेल ते उघडायचे. माझा चांगला चालणारा पंखासुद्धा त्यांनी एकदा उघडला होता.

"बिघडला नव्हता हो तो," मी म्हटलं.

"म्हणूनच बघितला," ते ओरडून म्हणाले. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही. "चांगलं चाललंय ते का चाललंय, हे कोण बघतो?"

मी त्यांच्या शेजारी तीस वर्षं राहते आहे. तेपाएरू, म्हणजे त्यांची बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण. आणि आमच्या बेटाच्या आवातिऊ बंदराच्या रेडिओ खोलीत माझी नोकरी होती, त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं निम्मं मी कानांनी ऐकलं आहे.

सुरुवात झाली ती तेपाएरूच्या अळूपासून. तितिकावेका गावाच्या अंगाला ओढ्याकाठी तिचं अळूचं खाचर आहे, तिच्या आजीपासून चालत आलेलं. एका सोमवारी सकाळी ती धावतच माझ्याकडे आली. "अकाइती, चल, बघ तरी काय झालंय." नूरोआ आणि मी तिच्या मागे गेलो. खाचरातल्या पाण्यावर पिवळट पांढरी साय धरली होती, थंड झालेल्या मटणाच्या रश्श्यावर धरते तशी. वास असा की मी नाकाला टोपी लावली. कडेची पानं पिवळी पडायला लागली होती. तेपाएरू गुडघाभर चिखलात उभी राहून काठीने ती साय बाजूला सारत होती आणि साय पुन्हा जवळ येत होती.

नूरोआ वळले आणि ओढ्याच्या कडेकडेने वर चालू लागले. आम्हीही मागोमाग. दहा मिनिटांवर हेझलचं खानावळवजा रेस्टॉरंट आहे. हेझल मूळची न्यूझीलंडची, इथल्या मुलाशी लग्न करून आलेली. मुरीच्या किनाऱ्याला येणारे सगळे पाहुणे तिच्याकडे तळलेली मासळी आणि बटाटे खायला जायचे. स्वयंपाकघराच्या मागे जमिनीत सिमेंटची एक टाकी होती. मोरीचं पाणी पुढे जाण्याआधी त्यातला तेलकट गाळ अडावा म्हणून ती असते. तिचं झाकण तडकलं होतं आणि कडेने तो गाळ ओघळून ओढ्यात चालला होता.

तेपाएरूने तोंड उघडायच्या आत हेझलच बाहेर आली. बिचारीचे डोळे आधीच लाल. "मला माहीत आहे, मला माहीत आहे," ती म्हणाली. "तीन वेळा फोन केला मी. उपसायची गाडी दोन महिन्यांतून एकदा येते, आणि आता म्हणतात की टाकायला जागाच नाही, खड्डा भरलाय. मी काय करू? डोक्यावर घेऊन नाचू?"

"नाचू नको," तेपाएरू म्हणाली, "पण माझ्या अळवात ओतू नको. लग्नात तू माझ्याच हातचं अळू खाल्लंस ना? मग!"

नूरोआ तोवर गुडघे टेकून टाकीत वाकले होते. त्यांनी बोटावर थोडा गाळ घेतला, चोळला, वास घेतला. मग उठून आत स्वयंपाकघरात गेले आणि कढयांमधलं काळं पडलेलं तळणाचं तेल कुठे जातं ते विचारलं. हेझल म्हणाली, "थोडं डुकरांसाठी कोणी नेतं. बाकीचं... बाकीचं याच टाकीत जातं."

"आजपासून ते मला दे," नूरोआ म्हणाले. "कढईतलं वेगळ्या डब्यात, गाळ वेगळ्या डब्यात. आणि झाकण मी बसवून देतो."

परतताना तेपाएरू त्यांच्यावर चिडली होती. "मी भांडायला आले होते, आणि तुम्ही तिची घाण घरी घेऊन येताय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी उत्तरेच्या एका बेटाबाहेर त्यांच्या जहाजाच्या छोट्या होडीचं डिझेल संपलं होतं. तिथल्या एका म्हाताऱ्याने इंजिनात गाळलेलं खोबरेल ओतायला लावलं, आणि इंजिन धूर काढत का होईना, पण चाललं. "तेल ते तेल," नूरोआ म्हणाले. "खोबऱ्याचं चालतं, तर बटाट्याच्या कढईतलं का नाही?"

ते इतकं सोपं नव्हतं, हे त्यांना लवकरच कळलं. कच्चं तेल जाड असतं, इंजिनाचा घसा धरतं. ते पातळ करायला मिथेनॉल लागतं आणि कॉस्टिक सोडा लागतो. नूरोआंनी परवानगीसाठी दोन कचेऱ्यांमध्ये खेटे घातले, तेव्हा कुठे जहाजातून मिथेनॉलचं एक पिंप आलं. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी जुनी गरम पाण्याची टाकी उभी केली, खाली तोटी लावली, आणि कामाला लागले. ही दोन्ही तेलात ढवळायची, रात्रभर ठेवायचं, खाली जड ग्लिसरीन बसतं, वर इंधन तरंगतं. त्यांनी मिळवलेल्या कागदावर असं लिहिलेलं होतं. नूरोआंच्या टाकीत मात्र तोटी उघडली की लापशी बाहेर यायची.

लापशी म्हणजे साबण. एकदा, दोनदा, पाचदा. आठ महिने त्यांनी साबणच केला. शेडचा वास माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा. डुकरंवाले वेगळे नाराज, त्यांच्या जनावरांचं तेल हा माणूस पळवतो म्हणून. तेपाएरू त्या साबणाने पायऱ्या धुवायची, गाडी धुवायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकेक डबा द्यायची.

"जहाजावर असताना सहा महिन्यांनी घरी येत होते," ती मला म्हणायची. "तेव्हा बरं होतं गं. निदान साबण विकत आणावा लागायचा."

पण तिच्याच हाताने गाठ सुटली. आमच्याकडे रानात हळद माजलेली असते. तेपाएरूने नातेवाइकांच्या तान्ह्या बाळाला लावायला हळद वाटली होती आणि तिच्या पांढऱ्या रविवारच्या पोशाखावर तिचे डाग पडले. नवऱ्याच्या साबणाने ती ते धुवायला गेली तर पिवळे डाग एकदम लालभडक झाले. ती तो पोशाख घेऊन तशीच शेडमध्ये गेली.

"हे बघा तुमचे प्रताप! आता मी देवळात काय घालून जाऊ?"

नूरोआ त्या डागाकडे बघत राहिले. मग त्यांनी पोशाख तिच्या हातातून घेतला, उन्हात नेला, परत आत आणला, आणि त्यावर सोड्याचं पाणी टाकलं. डाग आणखी लाल. लिंबू पिळलं. डाग पिवळा. तेपाएरू ओरडत राहिली, पण त्यांचा चांगला कान तेव्हा भिंतीकडे होता.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भेटून आले. तळून तळून तेल आंबट होतं, प्रत्येक कढईतलं कमीजास्त आंबट. जितकं आंबट, तितका सोडा आधी ते आंबटपण मारण्यातच जातो आणि साबण होतो. म्हणजे प्रत्येक डब्यातलं तेल किती आंबट आहे ते आधी मोजायला हवं, आणि त्यासाठी हळदीचा थेंब टाकून तो लाल होईपर्यंत सोडा थेंब थेंब घालायचा. फारच आंबट असलेलं तेल वगळायचं, आणि पाण्याचा अंश राहिला असेल तर आधी ते तापवून उडवायचं. तेपाएरूने हळद वाटून दिली. आठवड्याभरात त्यांच्या तोटीतून पहिल्यांदा चहाच्या रंगाचं, पातळ, पारदर्शक काहीतरी आलं. त्यांनी ते काचेच्या बरणीत भरून माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवलं.

"हे इथे कशाला?" मी विचारलं.

"बघ ना. पलीकडची झाडं दिसतात की नाही त्यातून?"

दिसत होती.

ते इंधन त्यांच्या गाडीत वर्षभर चाललं. गाडी गेली की मागे तळलेल्या मासळीचा वास राहायचा आणि रस्त्यावरचे कुत्रे चर्चपर्यंत मागे धावायचे. लोक हसायचे, पण हसता हसता आपल्याकडचं तेलही देऊ लागले. आणखी तीन खानावळी हेझलसारखे डबे भरून ठेवायला लागल्या.

मग तेओकोताईने त्यांना विचारलं. तेओकोताई हा तेपाएरूचा धाकटा भाऊ, मासेमारी करणारा. त्याची 'तियारे' नावाची लाकडी लाँच, तिचं डिझेल इंजिन वीस वर्षांचं. "दाजी," तो म्हणाला, "कुत्रे तुमच्या मागे लागतात, मग कुपे मासे माझ्या मागे लागतील की. भरा टाकी."

नूरोआंनी टाकी भरली. ते स्वतःही बरोबर गेले. सकाळी सहाला दोघे खाडीच्या तोंडातून बाहेर पडले, मी रेडिओवर त्यांची नोंद घेतली. दहाच्या सुमारास हाक आली.

"बंदर, बंदर. 'तियारे' बोलतोय."

"बोल, तेओ."

"इंजिन बंद पडलंय. दोनदा चालू केलं, दोनदा मेलं. अकाइतीताई, वारा बाहेर नेतोय."

बेटाच्या उत्तरेला होते ते, आणि वारा आग्नेयेचा. म्हणजे प्रत्येक मिनिटाला बेटापासून लांब. तिथे पाणी इतकं खोल की नांगर टाकून उपयोग नाही. मी आवाज शांत ठेवला. तेच माझं काम होतं. "किती लांब आहात?"

"डोंगर दिसतायत. पायथा दिसत नाही."

मागून नूरोआंचा आवाज येत होता, सगळ्या समुद्राला ऐकू जाईल एवढा. "तिला सांग, फिल्टर तुंबलाय! फिल्टर! दुसरा फिल्टर आणायला सांग!"

"दाजी, तुम्ही गप्प बसा!" तेओकोताई म्हणाला, आणि मग रेडिओचं बटण सोडायचं विसरला, त्यामुळे पुढचं सगळं मी ऐकलं. त्याने नूरोआंना जे म्हटलं ते मी लिहीत नाही. नूरोआ फक्त म्हणत होते, "बरोबर आहे तुझं. बरोबर आहे. आता पाणी पी आणि टोपी घाल."

बंदरात त्या दिवशी ओढून आणू शकेल अशी एकच मोठी लाँच होती, तीही माशांमागे लांब गेलेली. तिला निरोप पोचून ती वळून येईपर्यंत तास गेले. दर पंधरा मिनिटांनी मी हाक द्यायची, तेओकोताई उत्तर द्यायचा. दीड वाजता त्याने डोंगर दिसत नाहीत म्हणून सांगितलं. तेपाएरू तोवर माझ्या खोलीत येऊन बसली होती. तिने एकदाही रेडिओ हातात मागितला नाही. नुसती बसून होती, मांडीवर दोन्ही हात ठेवून. नवरा आणि भाऊ एकाच होडीत. साडेतीनला मोठ्या लाँचवरून आवाज आला, "सापडले." तेव्हा ती उठली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बेटाला कळलं. रविवारी देवळात पाळकांनी दोघे सुखरूप आल्याबद्दल आभार मानले आणि वर म्हणाले की प्रभूने मासे समुद्रासाठी केले, बटाटे जमिनीसाठी, आणि त्यांची सरमिसळ करताना विचार करावा. लोक खूप हसले. नूरोआंना ऐकू आलं नसावं असं मला वाटलं होतं, पण त्यांची मान खाली होती. तेओकोताई पलीकडच्या रांगेत बसला. त्या दिवसापासून तो बहिणीच्या घरी आला नाही.

नूरोआंनी तीन आठवडे शेड उघडली नाही. चौथ्या आठवड्यात ते बंदरावर गेले आणि तेओकोताईने फेकून दिलेला फिल्टर कचऱ्याच्या पिंपातून शोधून आणला. तो त्यांनी माझ्या ओट्यावरच कापून उघडला. आत डांबरासारखा काळा गाळ.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "माझं तेल असलं घाण करत नाही. हा डिझेलचा गाळ. वीस वर्षं टाकीच्या तळाला बसलेला. माझ्या तेलाने तो सुटा केला, धुऊन काढला आणि फिल्टरमध्ये नेऊन कोंबला."

"मग तुमची चूक नाहीच," मी म्हटलं.

"कशी नाही? जुन्या टाकीत नवं घालताना आधी टाकी धुवायची, हे मला कळायला नको? सव्वीस वर्षं मी काय झोपा काढल्या?"

हेच सांगायला ते तेओकोताईच्या घरी गेले. तेल चांगलं होतं, पण मी चुकलो, असं. तेओकोताईने अंगणातूनच ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दाजी, माझी दोन मुलं घरी वाट बघत होती त्या दिवशी." नूरोआ परत आले. पुढे ती गोष्ट निघाली की ते म्हणायचे, त्याचं बरोबर आहे.

तेपाएरूचे हाल झाले. भावाच्या मुलीच्या वाढदिवसाला ती एकटी गेली, नवऱ्यासाठी पानात बांधून अन्न आणलं, आणि नवऱ्याने ते कुठून आलं हे न विचारता खाल्लं. असे अकरा महिने गेले.

तेओकोताई आता नुसत्या डिझेलवर लाँच चालवत होता. पण सुटलेला गाळ टाकीत तसाच होता. इंजिन अधूनमधून दम टाकायचं, तो फिल्टर बदलायचा, आणि नूरोआंना दोष द्यायचा. एका शनिवारी लाँच धक्क्याला बांधलेली असताना, जागच्या जागी, इंजिन धापा टाकून बंद पडलं. टाकीत नूरोआंच्या तेलाचा थेंबही नव्हता. मी खिडकीतून बघत होते. त्याने फिल्टर काढून उजेडात धरला. मग त्याने टाकीचे बोल्ट सोडवायला घेतले.

दुपारी तो नूरोआंच्या दारात उभा. गाडीत मागे टाकी आडवी घातलेली.

"दाजी," तो म्हणाला, "तुमच्याकडे साबण आहे म्हणे."

"खूप आहे," तेपाएरू आतूनच म्हणाली. "हवा तेवढा ने, आणि आधी जेवायला बस."

टाकी धुवायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी ते दोघे कामापुरतंच बोलले. पाना दे, पाणी सोड. दुसऱ्या दिवशी तेओकोताईने टाकीत हात घालून तळाचा एक कोपरा खरवडला, मूठभर काळं बाहेर काढलं आणि नूरोआंच्या पायाशी टाकलं. "हे घेऊन मी मुलांना फिरवत होतो," तो म्हणाला. नूरोआंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेलाचाच हात होता, त्याचा शर्ट खराब झाला.

त्यानंतर मात्र नूरोआंनी एक नियम केला आणि तो कधी मोडला नाही. कोणाचीही टाकी आणि नळ्या आपण स्वतः धुतल्याशिवाय तेल द्यायचं नाही, आणि पहिल्या तीन फेऱ्यांना दोन फिल्टर जादा बरोबर ठेवायचे. मोठ्या माणसांनीही घाई केली तर ते सरळ नाही म्हणायचे. आज आवातिऊच्या चार लाँच त्यांच्या तेलावर चालतात, अर्धं डिझेल मिसळून. 'तियारे' नुसत्या त्यांच्याच तेलावर चालते, कारण तेओकोताई ऐकत नाही.

राहिला तो खानावळींच्या टाक्यांमधला गाळ, ज्याच्यापासून सगळं सुरू झालं होतं. तो इतका आंबट की त्याचं लाँचचं इंधन करणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही, आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात. पण गाळ तापवला की पाणी खाली बसतं, कचरा मध्ये, आणि वर स्वच्छ चरबी येते. ती इंजिनात नाही, पण भट्टीत उत्तम जळते. मुरीच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या चादरी धुवायला मोठा बॉयलर आहे. नूरोआंनी त्याचा बर्नर बदलून दिला. आता त्या हॉटेलाच्या आणि आजूबाजूच्या सात स्वयंपाकघरांच्या चरबीवर चादरी धुतल्या जातात. हेझलची टाकी दर पंधरा दिवसांनी उपसली जाते. तिच्या खालच्या ओढ्यात पहिल्या वर्षी काही बदल दिसला नाही. दुसऱ्या वर्षी तेपाएरूने खाचरात नवी रोपं लावली, आणि तिसऱ्या वर्षी पानं छत्रीएवढी झाली.

नूरोआ आता एकाहत्तरचे आहेत. गेल्या एप्रिलमध्ये आतिऊ बेटावरच्या लोकांनी त्यांना बोलावलं, आम्हालाही असं काही शिकवा म्हणून. ते आधी नाही म्हणाले. तिथे खानावळी तीनच, तेल कुठून आणणार? तेपाएरू म्हणाली, "जाऊन बघा तर. मीही येते. मला तिथली कॉफी आणायचीच आहे." दोघे जहाजाने गेले, आठवड्यासाठी म्हणून.

त्याला आता अडीच महिने झाले. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, कोंबड्यांना मीच दाणे घालते. परवा तेपाएरूचा फोन आला होता. तळणाचं तेल तिथे खरंच पुरेसं नाही, पण पडून कुजणारे नारळ डोंगराएवढे आहेत, त्यामुळे सगळं गाव खवत बसलंय. पहिली टाकी बिघडली, दुसरी बरी निघाली. पुढच्या जहाजाने याल का, असं मी विचारलं.

"कसलं पुढचं जहाज!" ती म्हणाली. "यांनी इथल्या शाळेचा पंप उघडून ठेवलाय."